काय म्हणून रडू

"परत सांगा," वकील म्हणाला. "मघाशी म्हणालात अगदी तसंच. हे दोघं तेव्हा नव्हते."

हे दोघं म्हणजे आणखी दोन वकील. शेजारच्या टेबलांवरून त्यानं कारकुनाला पाठवून बोलावून आणलेले. काळे कोट, घामानं भिजलेल्या कॉलरी, एकाच्या गालात पान. धुळ्याच्या कोर्टाच्या आवारातली पत्र्याची शेड होती ती. पत्रा तापलेला. यमुना माझ्या शेजारी बाकावर, पदर डोक्यावर ओढून बसलेली. तिच्या मांडीवर नोटीस.

मला वाटलं, पहिल्याला नीट कळलं नसेल. म्हणून जाणती माणसं बोलावली. मी पुन्हा सांगितलं.

"आधी हिची फारकत करून द्या. मग आम्हा दोघींचं लग्न कोर्टात लावून द्या."

शेड हसली. तिघं वकील, कारकून, पलीकडे अर्ज लिहून घेणारे लोक, सगळे. गालात पान असलेल्यानं पिंक टाकायला तोंड बाहेर काढलं आणि परत येऊन विचारलं, "यात नवरा कोण म्हणायचा?" पुन्हा हसले. एकानं माझ्या दंडाकडे बोट केलं. खापरावर मांडे करून माझे दंड पुरुषासारखे झालेत. ते त्याला पुरलं.

आमचा वकील मात्र सभ्य होता. त्यानं डोळे पुसले, चष्मा लावला आणि समजावून सांगितलं. "बाई, लग्न म्हणजे एक पुरुष आणि एक स्त्री. हे कायद्यात शोधावं लागत नाही. हे म्हशीलाही कळतं."

मी म्हटलं, "पण कोर्टाच्या लग्नाला भटजी लागत नाही, जात लागत नाही, मुहूर्त लागत नाही. मग पुरुषच कशाला लागतो?"

आता तो हसला नाही. चिडला. नोटीस यमुनेच्या मांडीवरून उचलून पुन्हा तिच्याच मांडीवर टाकली. "नवऱ्यानं नांदायला बोलावलंय, तर नांदायला जा. आमचा वेळ घेऊ नका."

आम्ही उठलो. पाठीमागे कोणीतरी माझ्या आवाजाची नक्कल करत होतं. मी चालत होते, पण यमुना कुठल्या कुठे पुढे गेली होती. मला मागे टाकून ती कधी चालली नव्हती.

मी कोण, ते सांगते. मी मांडे करणारी बाई. आमच्या खान्देशात लग्न म्हटलं की खापराचे मांडे. मातीचं मोठं खापर चुलीवर पालथं घालायचं, पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर खेळवत कोपरापर्यंत ताणायचा, पार आरपार दिसेल इतका, आणि खापरावर फेकायचा. एकीनं हे करायचं. दुसरीनं जाळ सांभाळायचा, मांडा उलटायचा, घडी घालायची. एकटीचं काम नाही ते. मांडा हातावर असताना खापर जास्त तापलं तर जळतो, कमी तापलं तर चिकटतो, आणि हातावरच्या बाईला वाकून बघायला सवड नसते. जाळावरच्या बाईवर डोळे मिटून भरवसा ठेवावा लागतो.

ही जाळावरची बाई म्हणजे यमुना.

फैजपूरला केळीवाल्या पाटलाच्या घरी लग्न होतं तेव्हा ती पहिल्यांदा माझ्या जोडीला आली. माझी नेहमीची जोडीदारीण बाळंतीण होती. ही आली, चुलीपुढं बसली, एक शब्द बोलली नाही. मी पहिला मांडा फेकायच्या आत तिनं दोन लाकडं मागे ओढली. मी न सांगता. सबंध दिवसात मला एकदाही 'जाळ कर' किंवा 'जाळ कमी कर' म्हणावं लागलं नाही. संध्याकाळी हात धुताना मी तिला म्हटलं, तू माझ्याबरोबरच राहा. ती म्हणाली, "बरं."

त्यानंतर आम्ही एकत्रच राहिलो. जळगावात, जुन्या गावात, एका बोळाच्या शेवटची खोली. लगीनसराईत गावोगाव मांडे करायचे, बाकीच्या दिवसांत पापड, कुरडया, मिरच्या कुटून देणं. घरमालकाला सांगितलं, मावसबहिणी आहोत. त्याला काय, भाडं वेळेवर मिळत होतं. आमचं दोघींचं जे होतं ते बहिणींचं नव्हतं. नवरा-बायकोचं होतं. आडून आडून सांगत नाही. एका गोधडीत निजत होतो, एकमेकींवर रुसत होतो, तिला ताप आला की माझ्या तोंडाची चव जात होती. मी चिडकी, ती थंड. मी भांडी आपटायची आणि ती उचलून ठेवायची. सकाळी ती माझी वेणी घालायची, कारण दिवसभर मांडे ताणून माझे हात वर जात नसत. कोणाच्या संसारात याहून जास्त काय असतं, ते मला अजून कोणी दाखवलेलं नाही.

आणि कायद्यानं मी कोण होते? विधवा. बारा-तेरा वर्षांची असताना एका पोराशी माझं लग्न लावलं. तो कसा दिसत होता, देवाशप्पथ सांगते, मला आठवत नाही. बाशिंग आठवतं. बाशिंगामागचा पोरगा आठवत नाही. वर्षाच्या आत तो पटकीनं गेला. मी सासर पाहिलंसुद्धा नव्हतं. तरी मी त्याची. जन्मभर त्याचीच. माझ्या नावाच्या मागं त्याचं नाव, माझ्या रिकाम्या कपाळावर तोच.

यमुना कोण होती? सवाष्ण. तिच्या नवऱ्यानं तिला मूल नाही म्हणून घराबाहेर काढलं, अंगावरच्या लुगड्यानिशी. दुसरी आणली, तिला पोरं झाली. यमुना तिच्या भावाकडे पहूरला आली, भावजयीला नकोशी झाली, आणि कामाला म्हणून जळगावला सुटली. इतक्या वर्षांत नवऱ्यानं एकदा निरोप पाठवला नाही. तरी ती त्याची. कुंकू त्याच्याच नावाचं.

म्हणजे बघा. एका मेलेल्या पोराची मी होते, एका हाकलून देणाऱ्याची ती होती, आणि आम्ही एकमेकींच्या कोणीच नव्हतो.

लग्नघरं मी जन्मभर पाहिली, पण मागच्या बाजूनं. गोठ्यापलीकडे, उकिरड्याच्या अलीकडे, जिथं धूर गेला तरी पाहुण्यांच्या डोळ्यांत जाणार नाही तिथं आमची चूल. मांडवात सवाष्णींचा माज. हळद सवाष्णीनं दळायची, तेल सवाष्णीनं लावायचं, ओटी सवाष्णीनं भरायची. माझ्या हातचा मांडा चालायचा, माझी सावली चालायची नाही. यमुनेला मात्र आत हाक यायची. "अक्का, पाच सवाष्णींत एक कमी पडतेय, तुमच्या बरोबरच्या बाईला पाठवा." ती जायची. जावंच लागायचं. ज्या नवऱ्यानं तिला कुत्र्यासारखं हाकललं, त्याच्या जोरावर ती मांडवात मानाची, आणि मी जाळापुढं एकटी, मांडा हातावर ताणून, फेकायचा कधी ते कळत नाही अशी उभी. एकदा असा एक मांडा माझ्या हातावरच फाटला. पुरण कोपरापर्यंत ओघळलं. भाजलं, पण त्याचं काही नाही.

परत आली की ती पहिलं काम करायची ते हळदीचे हात राखेनं घासून धुवायचं. मी बघत राहायची.

मग नवऱ्याची दुसरी मेली. पोरं उघडी पडली. तेव्हा त्याला पहिलीची आठवण झाली. आधी यमुनेचा भाऊ आला, मग नवऱ्याचा चुलता आला. ती नाही म्हणाली. दोन्ही वेळा, माझ्यासमोर, उभ्यानं. मग नोटीस आली. धुळ्याच्या वकिलाची. कायदेशीर पत्नीनं पतीच्या घरी नांदायला यावं, नाहीतर कोर्टात दावा. बोळातल्या शाळामास्तरानं वाचून दाखवली. यमुना घाबरली. माणसांना ती घाबरत नव्हती, पण टाईप केलेल्या अक्षरांना घाबरली.

मला घाबरायला येत नाही. मला राग येतो. आणि रागात मला एक गोष्ट सुचली.

आमच्या बोळाच्या तोंडाशी एका मारवाडी कापडवाल्याचं दुकान होतं. त्याच्या थोरल्या मुलानं शाळेतल्या एका बाईंशी कोर्टात जाऊन लग्न केलं होतं. बाई दुसऱ्या जातीच्या. काय हंगामा झाला! शेठनं दुकान बंद ठेवलं, आईनं डोकं आपटून घेतलं, चार नातेवाईक मुलीच्या घरी मारायला गेले. तेव्हा पोलीस आला आणि म्हणाला, "कायद्यानं लग्न झालंय. आता कोणी काही करू शकत नाही." आणि खरंच कोणी काही करू शकलं नाही. शेठचं सगळं वजन एका सहीपुढं संपलं. मी हे डोळ्यांनी पाहिलं होतं. आपल्या माणसाला भावापासून, चुलत्यापासून, जातीपासून वाचवायची एक जागा सरकारनं काढलीय, तिला कोर्टातलं लग्न म्हणतात, असं मी समजले. त्या जागेला आणखी एक कुंपण असेल असं मला वाटलं नाही.

म्हणून मी धुळ्याला गेले आणि विचारलं. बाकी काही नाही. रोग झालेला माणूस औषध विचारतो तसं विचारलं.

परतताना एस. टी. त यमुना खिडकीशी बसली. पारोळा गेलं, एरंडोल गेलं. खोलीवर आल्यावर तिनं पाणी प्यायलं आणि मग म्हणाली, "तू कशाले इचारं तठे?"

"मग कुठे विचारायचं?"

"बठ्ठा लोके हासनात."

"हासू दे."

"तुले हासनात," ती म्हणाली. "माले नही सहन व्हत."

ती रडली असती तर मी काही बोलले असते. ती रडली नाही. आम्ही काय आहोत ते तोवर आमच्या दोघींपुरतं होतं. त्याला नाव नव्हतं, तसं त्याला हसणारंही कोणी नव्हतं. त्या दिवशी तीन कोटवाल्यांनी त्याच्यावर थुंकून ठेवलं. आता खोलीत दिवा लावला तरी तेच दिसत होतं. घरमालकाची बायको सहज आली तरी यमुना गोधडी चटकन दूर सारायची. माझी वेणी घालताना दार लोटून घ्यायला लागली.

मी सांगते, विचारण्यात माझी काही चूक नव्हती. आजही नाही. चूक हसणाऱ्यांची होती.

महिन्याभरात भाऊ आणि नवरा दोघं मिळून आले. नवरा मी पहिल्यांदा पाहिला. साधा माणूस. राक्षस असता तर बरं झालं असतं. टोपी हातात घेऊन दारात उभा राहिला आणि म्हणाला, "चाल घर. पोरं उघडी पडनी."

यमुनेनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "नको जाऊ."

भाऊ म्हणाला, "तू मधी बोलू नको. तू कोण?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. आणि माझ्या तोंडून शब्दच निघाला नाही. इतकी बोलकी मी. मावसबहीण म्हणायची जीभ होईना, आणि खरं म्हणावं तर धुळ्याची शेड कानात हसायला लागली. तेवढ्या वेळात यमुनेनं पिशवी भरली. दोन पातळं, फणी, तिचा तांब्या. जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "जाळ मोठा नको करत जाऊ."

ती गेली.

त्यानंतरचं सांगण्यासारखं फार नाही. खोली तीच होती. मी पीठ एकीपुरतं म्हणून घ्यायची आणि भाकरी मात्र दोन व्हायच्या, हाताला सवय. दुसरी भाकरी गाईला घालायची. वेणी मला घालता येईना म्हणून मी केस कापून टाकले. लोक म्हणाले, बरं झालं, विधवेला शोभतं. नव्या नव्या जोडीदारणी आणून पाहिल्या. एक जाळ वाढवायची, एक बडबड करायची, एक झोपायची. मला दर मांड्याला ओरडून सांगावं लागे. संध्याकाळपर्यंत घसा बसायचा. रात्रीचं काय सांगू. मी तशी रडकी नाही. पण कुणी गेलं तर बाई रडते, शेजारणी येतात, पाणी देतात, चहा करून देतात. माझं माणूस गेलं आणि शेजारीण विचारत होती, तुमची बहीण गावाला गेली का, आता खोली एकटीला मोठी पडत असेल ना?

मोठी पडत होती.

दुसऱ्या उन्हाळ्यात जळगावातच एका लग्नात नवरीचा भाऊ मागच्या अंगणात आला. वकिलीचं शिकत होता. गरम मांडा तिथंच उभा राहून खात होता. पोरगं चांगलं वाटलं. मी त्याला सहज म्हणून विचारलं की, कोर्टानं नांदायला जा म्हटलं आणि बाई गेली नाही, तर पोलीस ओढून नेतात का?

तो म्हणाला, "नाही हो मावशी. कोर्ट बाईला ओढून नेऊ शकत नाही. फार तर तिच्या मालमत्तेवर टाच येते."

"मालमत्ता नसली तर?"

"नसली तर काय करणार? काही नाही."

माझ्या हातावर मांडा होता. तो मी कसा फेकला, मला माहीत नाही. दोन पातळं, फणी आणि तांब्या. एवढ्यावर टाच आली असती. एवढंच. ती घरात बसून राहिली असती तर कोणी तिच्या केसाला धक्का लावू शकत नव्हतं. आणि हे त्या वकिलाला माहीत होतं. तिघांनाही माहीत होतं. ते त्यांच्या रोजच्या कामाचं होतं, माझ्या पुरणासारखं. आम्ही त्यांच्यासमोर बसलो होतो, जीव टांगणीला लावून, आणि त्यांनी ते सांगितलं नाही. लपवलं असंही नाही. हसण्यात राहून गेलं.

त्या दिवशी मला कळलं की, हसणं हे हसणं नसतं. ज्यांच्या हातात दार असतं ते हसतात, आणि तोवर दार लागतं.

मी ठरवलं, लगीनसराई संपली की यमुनेच्या गावी जायचं आणि तिला हे सांगायचं. तुला कोणी अडवू शकत नाही, चल. ज्या गावात आम्हाला हसले त्याच्याच पलीकडे ते गाव, धुळ्याच्या पुढे. मी जायचे दिवस मोजत होते. पण आधी यमुनेची भावजय जळगावच्या बाजारात भेटली. मिरच्या निवडत होती. मला बघून म्हणाली, "तुम्हाला कळलं नाही का? यमुनाबाई गेल्या. कावीळ झाली होती. उद्या आम्ही बायका तिकडं निघालोय."

मला कळवायचं कोणाला सुचलं नव्हतं. का सुचावं? मी कोण लागत होते?

आमच्याकडे माणूस गेलं की त्याच्या घरी बायका 'दारवर' जातात. दुःखाला भेटायला. जायचीही रीत आहे. गल्लीच्या तोंडाशी आल्या की बायका पदर तोंडावर घेतात आणि हेल काढून रडायला लागतात. नुसतं रडायचं नाही. नातं सांगत रडायचं. आत्या असेल तर आत्या म्हणून, नणंद असेल तर नणंद म्हणून, जाऊ म्हणून, भाची म्हणून. आतल्या बायका ते ऐकतात, कोण आलं ते ओळखतात, तशाच हेलात उत्तर देतात आणि मग आत घेतात. रडण्यावरून माणसाची जागा कळते. कोणी कुठे बसायचं, कोणाच्या गळ्यात पडायचं, कोणाला आधी पाणी द्यायचं.

मी यमुनेच्या माहेरच्या बायकांच्या मागोमाग गेले. गल्ली आली. भावजयीनं पदर घेतला आणि सुरू झाली, "नणदबाई वं माय..." जिला एक वेळचं जेवण घालायला ती कुरकुरायची, तिच्यासाठी. पण तिच्याकडे शब्द होता. चुलत बहिणीकडे होता. भाचीकडे होता. एकेक आत गेली. मी दारात राहिले. तोंडावर पदर, आणि आत आवाज नाही. कोणता शब्द? काय म्हणून रडू?

आत बायका बोलत होत्या ते ऐकू येत होतं. "भाग्याची. सवाष्ण गेली. मळवट भरला, हिरवं लुगडं नेसवलं, नवऱ्याच्या खांद्यावर गेली." त्याच्या खांद्यावर.

यमुनेची सासू उंबऱ्याशी बसली होती. खूप म्हातारी, डोळ्यांनी अधू. तिनं मान वर केली. "कोन शे वं माय तू?"

भावजयीनं आतून घाईघाईनं सांगितलं, "त्या जळगावच्या. तिच्याबरोबर राहत होत्या."

म्हातारीनं अंदाज घेतला. मग अगदी मायेनं म्हणाली, "बहीन शे ना तिन्ही? मंग बहीन म्हन आनी मझार ये. कोन पुसस?"

बहीण म्हण आणि आत ये. कोण विचारतंय? खरंच कोणी विचारत नव्हतं. एक शब्द बोलला की आत जाता येत होतं. जिथं ती झोपायची ती जागा बघता आली असती, भिंतीला टेकून बसता आलं असतं, कोणीतरी पाण्याचा तांब्या पुढं केला असता. मी तहानलेली होते. इतक्या दिवसांत मला कोणी माय म्हटलं नव्हतं. माझे पाय उंबऱ्याकडे निघालेसुद्धा. वकिलाच्या हसण्यापेक्षा ही माया वाईट होती, कारण हिला नाही म्हणणं अवघड होतं.

आणि मला तो पोरगा आठवला. बाशिंगामागचा. तो गेला त्या दिवशी मला रडू येत नव्हतं. कसं येणार? मी अंगणात खडे खेळत होते. तेव्हा माझ्या आत्यानं मला आत ओढलं, दंडाला चिमटा घेतला आणि विधवेचा हेल शिकवला. कपाळ फुटलं म्हण. म्हण! आणखी एक चिमटा. ज्याला मी ओळखत नव्हते त्याच्यासाठी मला चिमटे काढून बायको म्हणून रडवलं. आणि जिच्या श्वासावर मी जाळ ओळखायची तिच्यासाठी आता बहीण म्हणून रड, असं ही म्हातारी सांगत होती.

"बहीन नही मी," मी म्हटलं.

"मंग?"

मी तिथंच बसले. दारासमोर, मातीत. पदर तोंडावरून काढून टाकला, मला सगळ्यांची तोंडं दिसायला पाहिजे होती. आणि हेल काढला. त्या वयात चिमटे घेऊन शिकवलेला, तोच. गळ्यात बसला होता तो. "मन्हं कपाय फुटनं वं माय... माले एकली टाकीसन गयी वं..."

आतल्या बायका उठून दाराशी आल्या. हा हेल बायकोचा, नवरा मेल्यावरचा. खान्देशातल्या लहान पोरीलाही तो ओळखू येतो. त्या घरात तो हेल काढणारं कोणी असायला नको होतं. तिथं तर बायको मेली होती, आणि बायकोसाठी पुरुष हेल काढत नाहीत. मी काढला. पोटातून काढला. माझ्या आवाजानं गल्लीतल्या दारांत माणसं आली. एक बाई "अशुभ, अशुभ" म्हणत लेकराला आत घेऊन गेली. भावजयीनं डोक्याला हात लावला. यमुनेचा नवरा ओट्यावरून उठला.

"काढा हिले आठून," तो म्हणाला.

मी म्हटलं, "तू खांदा दिलास. मी काय दिलं ते तुला माहीत नाही. मी तिची विधवा आहे. मला रडू दे."

दोन पोरांनी मला दंडाला धरून उठवलं. माझे दंड त्यांना सहज आवरले नाहीत. गल्लीच्या तोंडापर्यंत मी हेल सोडला नाही. तिथं सोडून ते परत गेले. मी एकटी उभी होते, घसा फाटलेला, लुगड्याला माती. समोर निंबाखाली बसलेले लोक माझ्याकडे बघून हसत होते. बघितलं मी त्यांच्याकडे. काही वाटलं नाही. म्हणजे दुःख होतंच, ते आहेच, ते कुठं जातंय. लाज तेवढी उरली नव्हती.

त्या दिवसापासून मी त्या पोराची विधवा नाही. कपाळ माझं अजून रिकामं आहे, पण ते यमुनेसाठी. घरमालकानं नव्यानं विचारलं तेव्हा त्यालाही तेच सांगितलं. त्यानं खोली सोडायला लावली. सोडली. दुसरी मिळायला त्रास पडला. मिळाली. लग्नघरची बोलावणी कमी झाली, कारण बातमी एस. टी. च्याही आधी पोहोचते. पण मांड्याला दुसरी हात घालणारी नाही म्हटल्यावर येतात बोलवायला, आणि मी जाते. चुलीपाशी येऊन कोणी विचारलं, तुमचे मालक? मी सांगते, माझी यमुना होती. गेली. ज्यांना उठून जायचं ते उठून जातात.

कायदा अजून तोच आहे. एक पुरुष, एक स्त्री. माझ्या हयातीत तो हलेल असं मला वाटत नाही, आणि त्याची वाट बघत बसायला मला सवडही नाही. वाट बघायची तर कोणाबरोबर?

दर वर्षी ती गेली त्या तिथीला मी जळगावहून धुळ्याची एस. टी. धरते, पुढं दुसरी गाडी, मग चालत. गल्लीच्या तोंडाशी पोहोचले की रडायला लागते, बायको रडते तशी. म्हातारी वारली. नवऱ्यानं एका वर्षी कुत्रं सोडलं. एका वर्षी पोलीस पाटलाला बोलावलं; तो म्हणाला, बाईनं रडू नये असा काही कायदा मला माहीत नाही. गेल्या वर्षी त्यांनी दार आतून लावून घेतलं. मी बंद दारासमोर बसले, रडून झालं तेव्हा उठले आणि आले.

यंदा जाणार आहे. पुढच्या वर्षीही. पाय चालतात तोवर जाणार. दार उघडावं म्हणून मी जात नाही. ती माझी बायको होती, हे त्या गल्लीला वर्षातून एकदा ऐकावंच लागेल.